बाबासाहेबांचे परदेशातले आजारपण

आपल्या सोयगाव तालुक्यातली कितीतरी पोरं आज पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला, सुरतेला आहेत. कुणाचा मुलगा आखाती देशातही असेल. तिकडे अंग गरम झाले तरी संध्याकाळपर्यंत घरी फोन येतो. बाबासाहेबांच्या वेळी मुंबईहून लंडनला बोटीने गेलेले पत्र पोचायला दोन आठवडे तरी लागत. तार जलद, पण तारेत शब्द मोजून लिहायचे. एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेब १५ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईहून निघाले आणि २९ ऑगस्टला लंडनला पोचले. पोचतात न पोचतात तोच इन्फ्लुएन्झाने त्यांना गाठले. उलट्या, जुलाब, अंगात त्राण नाही. परिषद तर ७ सप्टेंबरला सुरू व्हायची होती. आपण असे आजारी पडलो तर चार दिवस पांघरूण घेऊन पडतो. ते मात्र बरे होता होताच परिषदेच्या कामाला लागले.

इकडे मायदेशी काय चालले होते? नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० पासून सुरू होता. कर्मवीर दादासाहेब गायकवाड तो नेटाने चालवीत होते आणि आपली माणसे मार खात होती, तुरुंगात जात होती. दादासाहेबांशी बाबासाहेबांचा पत्रव्यवहार परदेशातूनही तुटला नाही. शिवाय अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मागितले, म्हणजे आपला प्रतिनिधी आपल्याच मतांनी निवडायचा हक्क मागितला, म्हणून इथली कित्येक वर्तमानपत्रे त्यांना देशद्रोही ठरवून मोकळी झाली होती. ही मागणी प्राणपणाने विरोधून पाडू, असे गांधीजींनी नोव्हेंबरात लंडनमध्येच जाहीर केले. बाबासाहेबांची बाजू इथल्या लोकांना सांगायला 'जनता' पत्र होते. तेही बाबासाहेब पहिल्या परिषदेसाठी लंडनला असतानाच, २४ नोव्हेंबर १९३० रोजी निघालेले.

२९ जानेवारी १९३२ ला ते मुंबईत परतले. चारच महिन्यांनी, २६ मे रोजी, पुन्हा बोटीत बसले. आपल्यातल्याच एका पुढाऱ्याने, मद्रासच्या एम. सी. राजा यांनी, डॉ. मुंजे यांच्याशी करार करून संयुक्त मतदारसंघ मान्य केले होते. ब्रिटिश सरकारचा निर्णय होण्याआधी आपली बाजू समक्ष मांडायला हवी होती. आणि मुंबई कशी सोडली त्यांनी? मेच्या मध्यापासून शहरात हिंदू-मुसलमानांचा भयंकर दंगा पेटलेला, तो जुलैपर्यंत धुमसत राहिला. माता रमाई आणि यशवंत मुंबईतच होते. घर परळच्या बी.आय.टी. चाळीत. मागे चार लेकरे गेलेली. अशा वेळी ज्या बाईचा नवरा सातासमुद्रापलीकडे, तिच्या दिवसांचा हिशेब कुणी मांडायचा?

लंडनमध्ये मंत्र्यांच्या गाठीभेटी झाल्या, निवेदन दिले गेले. तोवर शरीराने हात टेकले. मग बाबासाहेब जर्मनीत ड्रेस्डेन शहरी डॉ. मोलर यांच्या आरोग्यधामात विश्रांतीला राहिले. लोक समजतात, बाबासाहेबांना थकवा ठाऊक नव्हता. ठाऊक होता, चांगलाच ठाऊक होता. चाळिशी नुकतीच ओलांडलेली आणि दवाखान्याची खाट नशिबी आलेली. निकाल अजून लागलेला नव्हता आणि मुंबईची टपाल वाट पाहायला लावणारी.

१७ ऑगस्ट १९३२ ला ते मुंबईत उतरले. जातीय निवाडा नेमका त्याच सुमारास जाहीर झाला आणि त्यात स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते. पण २० सप्टेंबरला येरवड्यात गांधीजींचे उपोषण सुरू झाले आणि २४ तारखेला पुणे करारावर सही करावी लागली. ड्रेस्डेनची विश्रांती फार दिवस पुरली नाही.

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. शेजारच्या कन्नड तालुक्यात मक्रणपूरला ३० डिसेंबर १९३८ रोजी बाबासाहेब परिषदेला आले.

पुढे मधुमेह आला, पायांच्या वेदना आल्या. डिसेंबर १९५४ मध्ये ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले तेव्हा प्रकृती इतकी ढासळलेली होती की चालताना आधार घ्यावा लागे. डॉ. सविता आंबेडकर सोबत होत्या. परतल्यावर त्यांनी पुन्हा अंथरूण धरले असते तर कुणी काही बोलले नसते. पण २५ डिसेंबरला बाबासाहेब देहूरोडला होते, आणि त्या दिवशी तिथल्या विहारात रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना त्यांनी आपल्या हाताने केली.