महादूत मायकलची शिष्या : संत जोन ऑफ आर्क



दरवर्षी २९ सप्टेंबरला आपण मायकल, गॅब्रिएल आणि राफाएल या तीन महादूतांचा सण साजरा करतो आणि लगेच २ ऑक्टोबरला आपल्या रक्षक देवदूतांचा. रात्री झोपण्यापूर्वी रक्षक देवदूताची प्रार्थना म्हणायला आपल्यापैकी बहुतेकांना आईनेच शिकवले. संत मायकलचे चित्रही आपल्या ओळखीचे आहे : हातात तलवार किंवा भाला आणि पायाखाली सैतान.

परंतु महादूत आपले रक्षण करतो म्हणजे नेमके काय करतो? अपघात टाळतो, आजार बरा करतो, अडलेले काम मार्गी लावतो, असे आपण सहज म्हणून जातो. मग ज्या घरात अपघात होतोच, ज्या घरातले माणूस भरपूर प्रार्थना करूनही वाचत नाही, त्या घराचा देवदूत कुठे गेला होता? हा प्रश्न आपण मोठ्याने विचारत नाही, पण तो मनात असतो. जिच्याशी महादूत मायकल स्वतः बोलला असे जी शेवटपर्यंत सांगत राहिली आणि तरीही वयाच्या अवघ्या १९ व्या वर्षी जिला जिवंत जाळण्यात आले, त्या संत जोन ऑफ आर्कचे जीवन या प्रश्नासाठी आज आपण पाहू या.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

प्रथम ख्रिस्तसभेची शिकवण थोडक्यात पाहू. मायकल या हिब्रू नावाचा अर्थ आहे, देवासारखा कोण? जुन्या करारात दानीएलच्या पुस्तकात तो देवाच्या प्रजेचा रक्षक म्हणून येतो. नव्या करारात यहूदाच्या पत्रात त्याला महादूत म्हटले आहे आणि प्रकटीकरणाच्या १२ व्या अध्यायात तो आपल्या दूतांसह अजगराशी लढतो. प्रत्येक श्रद्धावंताला स्वतःचा रक्षक देवदूत असतो, तर मायकल हा संपूर्ण देवप्रजेचा, म्हणजेच ख्रिस्तसभेचा रक्षक मानला जातो. आपण देवदूतांची आराधना करीत नाही. आराधना फक्त देवाची. आपण त्यांचा मान राखतो आणि त्यांची मध्यस्थी मागतो. बायबलमध्ये आलेल्या या तीन नावांखेरीज देवदूतांना आपल्या मनाने नावे देऊ नयेत, असेही व्हॅटिकनने २००१ साली लोकभक्तीविषयीच्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे.

दोंरेमीची शेतकरी मुलगी

जोनचा जन्म साधारण १४१२ साली फ्रान्सच्या पूर्वेकडील दोंरेमी या म्यूज नदीकाठच्या खेड्यात झाला. वडील जाक हे शेतकरी, आई इझाबेल धार्मिक वृत्तीची. आमच्या बापा, नमो मरिया आणि श्रद्धांगीकार या प्रार्थना जोन आईकडूनच शिकली. लिहिणे-वाचणे तिला येत नव्हते. सूत कातणे आणि शिवणकाम मात्र उत्तम येत होते आणि त्याचा तिला अभिमानही होता. तिचे घर चर्चच्या अगदी शेजारी होते.

तो काळ फ्रान्ससाठी फार वाईट होता. इंग्लंडशी चाललेले युद्ध पिढ्यान्‌पिढ्या संपत नव्हते. १४२० च्या तहाने फ्रान्सचा युवराज चार्ल्स याचा वारसाहक्कच काढून घेण्यात आला होता आणि बर्गंडीचा सरदार इंग्रजांना मिळाला होता. उत्तरेकडचा मोठा प्रदेश इंग्रजांच्या हाती होता. समुद्रातल्या खडकावरचा माँ-सँ-मिशेल हा संत मायकलचा मठ मात्र वेढा पडूनही त्यांना जिंकता आला नाही. साहजिकच युवराजाच्या पक्षातील लोक संत मायकलकडे आपला रक्षक म्हणून पाहत होते.

जोन सुमारे १३ वर्षांची होती. उन्हाळ्याच्या दिवसांत, दुपारच्या वेळी, वडिलांच्या बागेत असताना तिला चर्चच्या दिशेने एक वाणी ऐकू आली आणि प्रकाश दिसला. ती खूप घाबरली. हा कोण, हे तिला पहिल्यांदा कळलेही नाही. तीनदा तसेच घडल्यावर तिने ओळखले की, हा महादूत मायकल आहे. पुढे संत कॅथरिन आणि संत मार्गारेट यांचेही दर्शन तिला होऊ लागले.

महादूताने तिला प्रथम काय शिकवले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. लढाई, तलवार, राजा यांतले काहीही नाही. चांगली मुलगी हो, चर्चमध्ये जात जा, देव तुला मदत करील, एवढेच. फ्रान्सच्या दुःखाविषयी आणि तिने करावयाच्या कामाविषयी तो नंतर बोलला. म्हणजे सुरुवात झाली ती आपल्या घरातल्या कुठल्याही आईने सांगावे अशा साध्या गोष्टीपासून. तिच्या वागण्यातला बदल गावाने पाहिला. ती वरचेवर पापनिवेदन करू लागली, मिस्साची घंटा वाजली की हातचे काम सोडून जाऊ लागली. मैत्रिणी तिची थट्टाही करीत.

ऑर्लियाँ ते रीम्स

१४२८ च्या मे महिन्यात ती एका नातेवाईकाला घेऊन व्होकुलर येथील किल्लेदाराकडे गेली आणि आपल्याला युवराजाकडे पोहोचवावे, अशी विनंती तिने केली. किल्लेदाराने तिला हसून परत पाठविले. १४२९ च्या आरंभी ती पुन्हा गेली. तोवर ऑर्लियाँ शहराला इंग्रजांचा वेढा पडला होता. या वेळी किल्लेदार नमला. पुरुषी वेश घालून, सहा जणांच्या सोबतीने, शत्रूच्या प्रदेशातून अकरा दिवस प्रवास करून ती शिनाँ येथे युवराजापुढे उभी राहिली.

युवराजाने तिच्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. पॉयतिए येथे धर्मगुरू आणि ईशज्ञानाचे पंडित यांनी तिची सुमारे तीन आठवडे कसून चौकशी केली. तिच्यात काहीही वाईट नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. तिने ही चौकशी टाळली नाही. आपल्याला दर्शन झाले म्हणून आपण ख्रिस्तसभेपेक्षा मोठे झालो, असे तिला वाटले नाही.

२९ एप्रिल १४२९ रोजी ती ऑर्लियाँत पोहोचली. तिच्या ध्वजावर प्रभूचे चित्र, दोन्ही बाजूंना देवदूत आणि येशू व मरिया ही नावे होती. आपल्या हातून कोणी मारला जाऊ नये म्हणून हल्ल्याच्या वेळी आपण ध्वज हाती घेतो, असे तिने पुढे न्यायालयात सांगितले. शिपायांनी शिव्याशाप सोडावेत, पापनिवेदन करावे, असा तिचा आग्रह असे. ७ मे रोजी ती बाणाने जखमी झाली, तरी परत रणात आली. दुसऱ्या दिवशी, रविवारी ८ मे रोजी, इंग्रजांनी वेढा उठविला. रविवार असल्यामुळे तिने त्यांचा पाठलाग करू दिला नाही; उघड्या मैदानात मिस्सा झाली. त्या काळी ८ मे हा संत मायकलच्या दर्शनाचा सण होता.

१८ जूनला पाते येथे इंग्रजांचा मोठा पराभव झाला आणि १७ जुलै १४२९ रोजी रीम्सच्या कॅथेड्रलमध्ये सातव्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला. जोन आपला ध्वज घेऊन जवळच उभी होती.

देवदूत कुठे होता?

यानंतर उतार लागला. सप्टेंबरमध्ये पॅरिसवरचा हल्ला फसला आणि जोन जखमी झाली. २३ मे १४३० रोजी कोंपियेन येथे बर्गंडीच्या सैनिकांनी तिला पकडले. आपण पकडले जाणार, हे तिला वाणीने आधीच सांगितले होते. पण त्यातून सुटका होईल असे नव्हे, तर सर्व शांतपणे सोसावे, असे सांगितले होते. कैदेत असताना ती एकदा उंच बुरुजावरून खाली उडी मारून मोकळी झाली नाही, उलट जबर दुखावली. ही उडी वाणीच्या सांगण्याविरुद्ध होती. त्याबद्दल तिने देवाकडे क्षमा मागितली. संतही चुकतात आणि पुन्हा उभे राहतात.

ज्या राजाला तिने मुकुट मिळवून दिला, त्याने तिला सोडविण्यासाठी पैसे भरले नाहीत. इंग्रजांनी मात्र १०,००० लिव्हर मोजून तिला विकत घेतले आणि रुआँ येथे १४३१ साली तिच्यावर पाखंडाचा खटला भरला. न्यायाधीश होते बोव्हेचे बिशप पिएर कोशों. हे सांगताना आपल्याला वेदना होतात, पण ते लपवून चालणार नाही : तिला दोषी ठरविणारे लोक धर्मपीठावर बसलेले होते. तिला स्त्रियांच्या देखरेखीखाली ख्रिस्तसभेच्या कोठडीत ठेवायला हवे होते. प्रत्यक्षात इंग्रज पहारेकऱ्यांच्या ताब्यात, बेड्या घालून ठेवले गेले. पोपमहोदयांकडे दाद मागण्याची तिची विनंती मानली गेली नाही.

मायकल कसा दिसतो, त्याला केस आहेत काय, त्याच्या अंगावर कपडे होते काय, असे प्रश्न त्या विद्वानांनी विचारले. या निरक्षर मुलीने त्यांना गप्प करणारी उत्तरे दिली. आपण देवाच्या कृपेत आहोत असे तिला वाटते काय, हा तर सापळाच होता. होय म्हटले तर अहंकार, नाही म्हटले तर कबुली. तिने नम्रपणे एवढेच सांगितले की, नसेन तर देवाने मला त्यात आणावे आणि असेन तर त्यात ठेवावे.

तरीही ती माणूसच होती. २४ मे रोजी सरणाची भीती दाखवल्यावर ती खचली आणि आपली दर्शने नाकारणाऱ्या कागदावर तिने खूण केली. चारच दिवसांत तिने ती कबुली मागे घेतली. जीव वाचविण्यासाठी आपण सत्य सोडले, म्हणून आपल्या वाणीने आपल्याला दुःखाने दोष दिला, असे तिने सांगितले. याचा परिणाम काय होणार, हे ती जाणून होती.

३० मे १४३१ च्या सकाळी तिने ख्रिस्तप्रसाद घेतला. जुन्या बाजाराच्या चौकात तिला खांबाला बांधले गेले. तिने क्रूस मागितला. जवळच्या चर्चमधून क्रूस आणून एका धर्मगुरूने तो तिच्या डोळ्यांसमोर उंच धरला. येशूचे नाव घेत घेत तिने प्राण सोडला. तिची राख सीन नदीत टाकण्यात आली.

राखेनंतर

तिची म्हातारी आई इझाबेल गप्प बसली नाही. पोप तिसरे कॅलिक्स्टस यांच्या परवानगीने खटल्याची फेरतपासणी झाली. शंभराहून अधिक लोकांच्या साक्षी झाल्या. ७ जुलै १४५६ रोजी पहिला निकाल रद्द ठरविण्यात आला. १९०९ साली पोप दहावे पायस यांनी जोनला धन्य घोषित केले आणि १६ मे १९२० रोजी पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी संतपद दिले. ३० मे हा तिचा सण आहे.

संतपद देताना ख्रिस्तसभेने तिच्या दर्शनांवर विश्वास ठेवणे आपल्याला बंधनकारक केलेले नाही. खाजगी साक्षात्कारांबाबत तसा नियमच आहे. तिने गौरविले ते तिचे जीवन : तिची श्रद्धा, तिचे धैर्य, तिची निष्कलंकता.

आपल्यासाठी

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. महादूत मायकलने जोनला आगीतून वाचविले नाही. मग त्याने कशाचे रक्षण केले? तिच्या श्रद्धेचे. शत्रूने तिचे शरीर जाळले, पण ज्यासाठी सैतान झटत होता ते त्याला मिळाले नाही. भीती, एकटेपणा, आपल्याच माणसांनी केलेला विश्वासघात, यांपैकी काहीही तिला देवापासून तोडू शकले नाही. एकदा ती घसरली, तेव्हाही वाणीने तिला सोडून दिले नाही, परत आणले. प्रकटीकरणातला अजगर ज्या लढाईत हरतो, ती हीच.

म्हणून ज्या घरात प्रार्थना करूनही माणूस गेले, त्या घराचा देवदूत झोपलेला नव्हता. दुःखातही ज्यांनी क्रूसावरची नजर काढली नाही, त्यांच्याजवळ तो उभा होता, असे आम्ही श्रद्धेने म्हणू शकतो. आजारपणात, संकटात आपण रक्षण जरूर मागावे. येशूनेही गेथशेमानीत प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. प्याला टळला नाही, पण त्याला बळ देण्यासाठी देवदूत आला.

पोप तेरावे लिओ यांनी १८८६ साली मिस्सानंतर संत मायकलची प्रार्थना म्हणण्यास सांगितले होते. १९६० च्या दशकातील उपासनेच्या सुधारणांनंतर ती प्रथा थांबली, पण प्रार्थना थांबली नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९४ साली ती विसरू नका असे सांगितले आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये जपमाळेनंतर ती रोज म्हणण्याची विनंती केली. आपल्या घरी संध्याकाळच्या जपमाळेनंतर ती म्हणायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

आणि आपल्या मुलांना ती शिकवताना महादूताचा तो पहिला धडाही शिकवू या : चांगले वागा, चर्चमध्ये जा, देव मदत करील. जोनची सुरुवात तेवढ्यावरच झाली होती.

संत मायकल महादूता, आम्हांसाठी विनंती कर. संत जोन ऑफ आर्क, आम्हांसाठी विनंती कर.