शाळामास्तर आणि कादंबरीकार : कै. वि. स. खांडेकर

शिक्षकाचा पेशा पत्करणाऱ्यास दिवसाचा उत्तम भाग मुलांना द्यावा लागतो. उरलेल्या वेळांत वह्या तपासणें, दुसऱ्या दिवसाच्या पाठाची तयारी आणि घरसंसार हीं असतातच. अशा माणसानें कथा-कादंबऱ्या केव्हां लिहाव्या? आणि तो लिहूं लागला, तर मुलांच्या हक्काचा वेळ त्यांत खर्ची पडणार नाहीं कशावरून? ही शंका पालकांस येते, तशी खुद्द शिक्षकासही येते. आमच्या धर्मग्रामांत शिक्षकाचें काम करणारीं माणसें आहेत आणि फावल्या वेळीं लेखणी हातीं धरणारींही आहेत. म्हणून महोत्सवाच्या या स्मरणिकेंत, ज्यांनीं हीं दोन्ही कामें दीर्घकाळ एकत्र केलीं, त्या विष्णु सखाराम खांडेकर यांचें चरित्र थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

खांडेकरांचा जन्म १८९८ च्या जानेवारी महिन्यांत सांगली येथें झाला. त्यांचें मूळचें नांव गणेश आत्माराम. वडील सांगली संस्थानच्या नोकरींत होते. परंतु मुलाचें शिक्षण पुरें होण्यापूर्वींच ते निवर्तले. १९१३ सालीं मॅट्रिकची परीक्षा उत्तम रीतीनें उतरून खांडेकर पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत गेले. तेथें त्यांना नाटककार राम गणेश गडकरी यांचा सहवास लाभला व वाङ्मयाची गोडी पक्की झाली. पण १९१६ सालीं ते कोंकणांतील आपल्या चुलत्यांस दत्तक गेले. गणेश आत्मारामांचे विष्णु सखाराम झाले आणि कॉलेजचें शिक्षण अपुरें राहिलें तें राहिलेंच. पुढें ज्यांचीं पुस्तकें विश्वविद्यालयांतून अभ्यासिलीं गेलीं, त्यांच्या पदरीं स्वतःची पदवी नव्हती.

१९२० सालीं ते वेंगुर्ले तालुक्यांतील शिरोडें येथें ट्यूटोरियल इंग्लिश स्कूलमध्यें शिक्षक म्हणून रुजू झाले. हें गांव समुद्रकांठचें, मिठागरांचें, गोव्याच्या सीमेजवळचें. शहरांतील सोयी तेथें नव्हत्या, ग्रंथसंग्रह नव्हते, साहित्यिकांच्या बैठकी तर नव्हत्याच. खेड्यांतील खासगी शाळा चालविणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. पगार तुटपुंजा, कामाला मात्र मर्यादा नाहीं. अशा शाळेंत खांडेकरांनीं १९३८ पर्यंत, म्हणजे १८ वर्षें, विद्यादान केलें व मुख्याध्यापकपणाचा भारही वाहिला.

याच काळांत त्यांची लेखणी चालूं झाली आणि वाढीस लागली. आरंभीं त्यांनीं लहान प्रकार हाताळले : लघुकथा, टीकालेख, लघुनिबंध आणि ज्या प्रकाराला मराठींत त्यांनींच रुजविलें ती रूपककथा. शाळेच्या धबडग्यांतून वेळाचे तुकडेच हातीं येत असतील, तर त्या तुकड्यांत मावेल असेंच लेखन प्रथम करावें, यांत आम्हांस मोठें शहाणपण दिसतें. मोठा ग्रंथ लिहिण्यास सवड नाहीं म्हणून कांहींच न लिहिणारे पुष्कळ असतात; खांडेकर त्यांपैकीं नव्हते. त्यांची पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' प्रसिद्ध झाली ती १९३० सालीं, शिक्षकीस १० वर्षें झाल्यावर. त्याच सालीं शिरोड्याच्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. पुढें १९३१ सालीं 'कांचनमृग', १९३४ सालीं 'दोन ध्रुव' व 'उल्का', आणि १९३८ सालीं 'हिरवा चाफा' व 'दोन मनें' या कादंबऱ्या बाहेर आल्या.

शाळेनें त्यांचा वेळ घेतला हें खरें; परंतु तिनें त्यांना जें दिलें, तें पुण्या-मुंबईंत मिळण्यासारखें नव्हतें. कोंकणांतील दारिद्र्य, मिठागरांतील मजुरी, बुद्धि असून पैशावांचून अडलेलीं मुलें, रूढीच्या ओझ्याखालीं वांकलेल्या स्त्रिया हें सर्व त्यांनीं जवळून पाहिलें. वर्गांत बसलेला मुलगा आपल्या घरची स्थिति तोंडानें सांगत नसला, तरी त्याचे कपडे आणि त्याची गैरहजिरी ती सांगतच असते. डोळस शिक्षकास ती वाचतां येते. कला ही जीवनासाठीं आहे, असा पक्ष खांडेकरांनीं आयुष्यभर उचलून धरला. त्याच काळचे नामांकित कादंबरीकार ना. सी. फडके यांचा पक्ष कला कलेसाठीं असा होता, व फडके हेही कॉलेजांत अध्यापन करणारेच. त्यांचा हा वाद महाराष्ट्रांत पुष्कळ गाजला. खांडेकरांचा पक्ष शिरोड्याच्या वर्गांत दृढ झाला, असें आम्हांस वाटतें.

एक उणेंही सांगितलें पाहिजे. खांडेकरांच्या कादंबऱ्यांत उपदेश फार, सुभाषितें फार, पात्रें लेखकाच्याच भाषेंत बोलतात, असा आक्षेप टीकाकारांनीं घेतला, व तो निराधार नाहीं. दिवसभर समजावून सांगणाऱ्या माणसाला रात्रीं लेखणी धरतांना समजावण्याची संवय सोडतां येत नाहीं. शिक्षकीनें त्यांच्या लेखनास जसें बळ दिलें, तसा हा दोषही दिला.

प्रकृति नाजूक, दृष्टि लहानपणापासून अधू, आणि दुहेरी काम. याचा भार शरीरावर पडल्याशिवाय राहत नाहीं. त्यांत १९३६ सालीं त्यांच्या कथेवरून मास्टर विनायक यांनीं 'छाया' हा बोलपट काढला व चित्रपटसृष्टीचें दार उघडलें. १९३८ सालीं खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून कोल्हापुरास राहावयास गेले. पोटापुरता अर्धा मास्तर राहून ते दोन डगरींवर पाय ठेवीत बसले नाहींत. शाळेंत होते तोंवर ते शाळेचे होते.

यापुढें 'ज्वाला', 'देवता', 'अमृत' इत्यादि बोलपटांच्या कथा त्यांनीं लिहिल्या. १९४१ सालीं सोलापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांना मिळालें. परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. शाळेच्या जबाबदारींत असतांना शेवटच्या ८-९ वर्षांत त्यांनीं ६ कादंबऱ्या दिल्या. शाळा सुटल्यावर मात्र 'क्रौंचवध' (१९४२) आणि 'अश्रू' (१९५४) यांच्यामध्यें १२ वर्षें गेलीं. मोकळा वेळ लाभला म्हणजे ग्रंथ आपोआप निपजतो, असें नाहीं.

मग १९५९ सालीं, वयाच्या ६१ व्या वर्षीं, 'ययाति' आली. भोगानें भोगाची तृप्ति होत नाहीं, ही महाभारतांतील जुनी कथा त्यांनीं आजच्या माणसासाठीं पुन्हां सांगितली. तिला १९६० सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. १९६८ सालीं त्यांना पद्मभूषण ही पदवी मिळाली, आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळविणारे ते पहिले मराठी लेखक ठरले. त्यांचीं पुस्तकें गुजराथी व तामिळ वाचकांनींही आपलीं मानलीं. अखेरच्या वर्षांत डोळ्यांची ज्योत मालवली, तरी लेखनिकास सांगून त्यांनीं काम चालूं ठेविलें. २ सप्टेंबर १९७६ रोजीं मिरज येथें त्यांचें देहावसान झालें. 'एका पानाची कहाणी' हें त्यांचें आत्मचरित्र त्यांच्या पश्चात्, १९८१ सालीं, प्रसिद्ध झालें.

वाचकहो, ज्यांच्या घरांत शिक्षक आहेत, त्यांना आमचें एवढेंच सांगणें आहे. वह्यांचा गठ्ठा तपासून झाल्यावर तुमच्यापैकीं कोणी दिव्याशीं कांहीं लिहीत बसला, तर त्यास वेळ दवडणारा म्हणूं नका. आणि लिहिणारानेंही हें विसरूं नये कीं, उद्यां सकाळीं जीं मुलें त्याची वाट पाहणार आहेत, त्यांच्याच घरांतून त्याच्या कथा येणार आहेत. त्या मुलांना तो विन्मुख झाला, तर मुलांचें नुकसान होईलच. त्याची लेखणीही कोरडी पडेल.