काशीचा मास्तर आणि निराधारांचे निवृत्तिवेतन

मागच्या हिवाळ्यात वाराणसीत असताना मी एका सकाळी एका बँकेच्या शाखेबाहेरच्या रांगेपाशी थांबलो होतो. रांगेत बहुतेक सारे सत्तरीच्या पुढचे होते. एका आजीबाईंचे बोट यंत्रावर पुन्हा पुन्हा टेकवले जात होते आणि यंत्र ते पुन्हा पुन्हा नाकारत होते. आयुष्यभर भांडी घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. महिन्याच्या निवृत्तिवेतनासाठी आपण हयात असल्याचा पुरावा त्या देत होत्या, आणि तो काही केल्या पुरा पडत नव्हता.

ज्या निवृत्तिवेतनासाठी ती रांग होती, त्याचा जन्म याच शहराच्या एका पुत्राच्या कारकिर्दीत झाला, हे त्या रांगेत कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याचे नाव शहरातल्या संस्कृत विद्यापीठाला आहे. पण त्या नावामागचा माणूस आपण जवळजवळ विसरलो आहोत.

संपूर्णानंदांचा जन्म 1 जानेवारी 1891 रोजी बनारसमध्ये झाला. विज्ञानाची पदवी घेऊन ते शिक्षक झाले. वृंदावनचे प्रेम महाविद्यालय, इंदूरचे डेली कॉलेज आणि बिकानेरचे डूंगर कॉलेज असा त्यांचा प्रवास झाला. गांधीजींच्या असहकाराची हाक आली तेव्हा बिकानेरची प्राचार्यपदाची नोकरी सोडून ते काशीला परतले आणि काशी विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवू लागले. पुढे अनेकदा तुरुंगवास घडला. 1934 मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला, तेव्हा त्याच्या आरंभीच्या नेत्यांत ते होते. वेदान्त आणि समाजवाद यांचा मेळ घालू पाहणारा हा विद्वान मार्क्सही वाचत असे आणि पंचांगही. खगोलशास्त्राची गोडी तर एवढी, की त्यांच्या पुढाकाराने 1954 मध्ये बनारसच्या शासकीय संस्कृत महाविद्यालयात राज्याची वेधशाळा सुरू झाली. पुढे ती नैनितालला गेली.

1938 मध्ये ते संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. स्वातंत्र्यानंतर शिक्षण, अर्थ, गृह अशी खाती त्यांच्याकडे आली. गृहमंत्री असताना त्यांनी केलेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. 1952 च्या सुमारास वाराणसीजवळ चंद्रप्रभा नदीवरच्या धरणाच्या कामासाठी कैद्यांची छावणी उभारली गेली. तिला तुरुंगाच्या भिंती नव्हत्या. कैदी मजुरी करीत आणि तिचा मोबदला घेत. गुन्हेगारावरही शासनाने विश्वास टाकावा, ही त्यामागची भूमिका होती. भारतातील खुल्या तुरुंगांच्या इतिहासात ही छावणी आरंभीचा टप्पा मानली जाते.

डिसेंबर 1954 मध्ये गोविंद वल्लभ पंत केंद्रात गेले आणि संपूर्णानंद उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. 1956 मध्ये बनारसचे अधिकृत नाव वाराणसी झाले, ते त्यांच्याच काळात. पुढच्या वर्षी, 1957 मध्ये, निराधार वृद्धांना निवृत्तिवेतन देणारे उत्तर प्रदेश हे देशातील पहिले राज्य ठरले.

हे पाऊल किती नवे होते, हे आज कळणे कठीण आहे. निवृत्तिवेतन तोवर सरकारी नोकराचे होते. ज्याने शासनाची चाकरी केली, त्याचे उतारवय शासन सांभाळी. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात नांगर धरला, त्याने मुलांकडे किंवा देवाकडे पाहावे, असा दंडक होता. ब्रिटनने 1908 च्या कायद्याने सत्तरीपुढच्या गरिबांना निवृत्तिवेतन दिले. पण तो सधन, औद्योगिक देश होता. आपल्या संविधानाच्या 41 व्या अनुच्छेदाने वार्धक्यात साहाय्य मिळण्याच्या हक्काचा उल्लेख केला, पण आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत, आणि न्यायालयात दाद मागण्याची सोय न ठेवता. उत्तर प्रदेशाने क्षमता येण्याची वाट पाहिली नाही.

योजना अर्थातच तोकडी होती. आरंभी ती सत्तरी ओलांडलेल्यांसाठी होती, तीही उत्पन्न नसलेल्या आणि सांभाळणारे नातलग नसलेल्यांसाठी. मुलगा असला म्हणजे तो सांभाळतोच, हे त्यात गृहीत होते. आई-वडिलांना सोडून गेलेले मुलगे काशीने जितके पाहिले, तितके क्वचितच कोणत्या नगराने पाहिले असतील. बंगालच्या, महाराष्ट्राच्या किती विधवा इथल्या घाटांवर अन्नछत्रांच्या आधाराने दिवस कंठीत राहिल्या. 1958 मध्ये इथेच काशीलाभ मुक्तिभवन सुरू झाले, मरणासन्न माणसांना अखेरचे दिवस काढता यावेत म्हणून. मरणाऱ्यासाठी धर्माने जागा केली होती. प्रश्न मरेपर्यंत जगायचे कसे, हा होता. अन्नछत्रातील घास दात्याच्या मर्जीचा असतो. शासनाने ठरवून दिलेली रक्कम कितीही लहान असली, तरी ती न मिळाल्यास जाब विचारता येतो.

संपूर्णानंदांची मूर्ती घडवण्याचा माझा हेतू नाही. हिंदीविषयीच्या आग्रहात त्यांनी उर्दूला न्याय दिला नाही, असे मला वाटते. पक्षांतर्गत गटबाजी त्यांना आवरता आली नाही आणि तिच्यापायीच डिसेंबर 1960 मध्ये त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. 1962 ते 1967 या काळात ते राजस्थानचे राज्यपाल होते. तिथेही खुल्या तुरुंगाची कल्पना रुजली आणि सांगानेरच्या बंदी शिबिराला त्यांचे नाव मिळाले. 10 जानेवारी 1969 रोजी वाराणसीतच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या राज्याने घालून दिलेला पायंडा मात्र टिकला. 1960 मध्ये केरळ आणि आंध्र प्रदेश, त्यामागून इतर राज्ये त्या वाटेने गेली. महाराष्ट्रात 1980 मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली, नंतर श्रावणबाळ योजना. केंद्राला जाग यायला 1995 उजाडावे लागले. तेव्हा त्याचा वाटा महिना 75 रुपये होता. पुढे तो 200 रुपये झाला आणि 60 ते 79 या वयोगटासाठी जवळजवळ दोन दशके तिथेच अडला आहे. उरलेला भार राज्ये आपापल्या ऐपतीप्रमाणे आणि निवडणुकांच्या हिशेबाने उचलतात. म्हणून उत्तर प्रदेशातील वृद्धेला हजार रुपये मिळतात आणि महाराष्ट्रातील वृद्धेला दीड हजार. वार्धक्य मात्र दोन्हीकडे सारखेच असते.

बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी 2012 मध्ये पेन्शन परिषदेच्या व्यासपीठावरून किमान वेतनाच्या निम्म्याइतके सार्वत्रिक निवृत्तिवेतन मागितले, तेव्हा ती मागणी अव्यवहार्य ठरवली गेली. 1957 मध्ये तिजोरी आजच्याहून कितीतरी रिकामी होती. तेव्हा एका राज्याला जे परवडले, ते आज साऱ्या देशाला का परवडू नये? निदान केंद्राचा वाटा महागाईशी जोडावा आणि झिजलेल्या बोटांपायी कोणाचे पैसे अडू नयेत, एवढे तरी व्हावे.

त्या आजीबाईंना अखेर दुसऱ्या दिवशी यायला सांगण्यात आले. त्या निमूटपणे पायऱ्या उतरल्या. आपण याचक नसून हक्कदार आहोत, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.