मेंदूचा चित्रकार
स्पेनमध्ये १८५२ साली जन्मलेल्या सांतियागो रामोन इ काहाल यांना चित्रकार व्हायचे होते. वडिलांनी डॉक्टर केले. क्यूबात लष्करी डॉक्टर असताना मलेरियाने ते खंगले. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या चेतापेशींची चित्रे काढत, प्रत्येक पेशी स्वतंत्र असते हे त्यांनी दाखवले. १९०६ चे नोबेल त्यांना कामिलो गोल्जी यांच्यासोबत मिळाले. चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशीही त्यांनी अभ्यासल्या. प्रौढ मेंदूत नष्ट झालेले पुन्हा उगवत नाही, असे त्यांचे मत होते. हा निकाल बदलण्याचे काम त्यांनी पुढच्या विज्ञानावर सोपवले. १९३४ मध्ये ते निवर्तले. आज ग्लियापासूनच चेतापेशी घडवण्याचे प्रयोग उंदरांवर सुरू आहेत. निष्कर्षांवर वाद आहेत. पक्षाघाताच्या रुग्णांसाठी हा उपचार अजून तयार नाही.