हिशेब मागणारे नामदार : गोपाळ कृष्ण गोखले

निवडणूक जवळ आली की आपल्या बडोद्यातही घराघरांत कर, सवलती आणि नव्या योजनांची चर्चा सुरू होते. कोण काय देणार हे सगळेच सांगतात. पैसा कुठून येणार आणि तो कुणाच्या खिशातून जाणार, हे विचारणारे मात्र थोडे. हाच प्रश्न आयुष्यभर विचारत राहिलेल्या नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची ओळख आम्ही आज सभासदांना, विशेषतः आपल्या तरुण मुलामुलींना, करून देत आहोत.

गोखल्यांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील कागलला नोकरीस होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना ते वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवले. पै-पैचा हिशेब म्हणजे काय, हे त्या मुलाला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

1884 मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले आणि पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी अनेक वर्षे शिकवले. याच काळात त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे गुरू लाभले. रानडे त्यांच्याकडून सरकारी अहवाल वाचून घेत, आकडे काढून घेत आणि टिपणे लिहून घेत. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे कामही गोखल्यांकडे आले. बोलण्याआधी आकडा तपासायचा, ही शिस्त त्यांना तिथे लागली.

1897 मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले. वय जेमतेम तिशीचे. लष्करावर आणि बड्या पगाराच्या गोऱ्या अधिकाऱ्यांवर किती खर्च होतो, शिक्षणावर किती होतो, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून मांडले. साक्ष उत्तम झाली, पण त्याच मुक्कामात एक मोठी चूक घडली. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरील सैनिकांनी अत्याचार केल्याची पत्रे मित्रांकडून आली आणि त्यावर विसंबून गोखल्यांनी तिथे जाहीर आरोप केले. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला. पत्रे लिहिणारे पुढे यायला तयार नव्हते. मित्रांची नावे उघड न करता गोखल्यांनी माफी मागितली आणि सगळी नाचक्की स्वतःच्या अंगावर घेतली. लोकांनी त्यांना भ्याड ठरवले. हा घाव त्यांना फार लागला. त्यांची पुढची कारकीर्द पाहताना ही गोष्ट विसरून चालत नाही, असे आम्हांला वाटते.

1902 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात दाखल झाले. तिथे अर्थसंकल्पावर बोलता येई, पण मत देता येत नसे. एक रुपयाही कमी-जास्त करण्याचा अधिकार सभासदांना नव्हता. सरकारने त्या वर्षी सुमारे सात कोटींची शिल्लक दाखवली होती आणि सभागृहात अभिनंदन चालले होते. 26 मार्च 1902 रोजी गोखले उठले आणि त्यांनी अभिनंदनात सामील होण्यास नकार दिला.

त्यांचा मुद्दा साधा होता. रुपयाचा भाव घसरत होता तेव्हा इंग्लंडला पाठवायच्या पौंडांसाठी जास्त रुपये लागत, म्हणून सरकारने कर वाढवले होते. 1888 मध्ये मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला, तो याच काळात. पुढे सरकारने टांकसाळी बंद करून रुपयाचा भाव चढवला. गरज संपली, कर मात्र तसेच राहिले. दुष्काळ आणि प्लेगने लोक हैराण असताना तिजोरी भरते, याचा अर्थ देश श्रीमंत झाला असा नसून लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतले जाते असा आहे. या भाषणाच्या तयारीत त्यांना गणेश व्यंकटेश जोशी या अभ्यासू हेडमास्तरांची मोठी मदत झाली होती.

1903 मध्ये मिठाचा कर दोन रुपये झाला, 1905 मध्ये दीड आणि 1907 मध्ये एक रुपया. प्राप्तिकराची माफीची मर्यादाही 1903 मध्ये पाचशेवरून हजारावर गेली. हे सारे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण मताचा अधिकार नसलेल्या माणसाचे आकडे सरकारला खोडता आले नाहीत, हे खरे.

1905 च्या अखेरीस इंग्लंडमध्ये सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती. काँग्रेसने गोखले आणि लाला लजपतराय यांना तिकडे पाठवले. हिंदुस्थानचा कारभार ज्या पार्लमेंटच्या हाती, ते निवडणारा मतदार तिथे होता. कर भरणारा रयत इथे होता आणि त्याला मत नव्हते. म्हणून गोखले गावोगावी सभा घेत हिंदुस्थानची बाजू त्या मतदारांपुढे मांडत फिरले.

आपल्या बडोद्याशी त्यांचे नाते पुढच्या कामातून जुळते. 1911 मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सुरू केलेला आणि 1906 मध्ये सर्व संस्थानात नेलेला प्रयोग त्यांनी पुराव्यादाखल मांडला. एका संस्थानाला जे जमते ते साम्राज्याला का जमू नये, असा त्यांचा रोख होता. मागणी करून ते थांबले नाहीत. सरकारने किती आणि स्थानिक संस्थांनी किती भार उचलावा हे सांगितले, गरज पडल्यास आयात जकात वाढवण्याचा मार्गही दाखवला. मार्च 1912 मध्ये विधेयक 13 विरुद्ध 38 मतांनी पडले.

19 फेब्रुवारी 1915 रोजी, पन्नाशीही न गाठता, गोखले गेले. त्यांनी 1905 मध्ये स्थापलेल्या भारत सेवक समाजाच्या पुण्यातील आवारात 1930 मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली.

गोखल्यांपाशी मत नव्हते, आपल्यापाशी आहे. येत्या निवडणुकीत कोणाला मत द्यावे हे सांगणे आमचे काम नाही. पण घरात एखाद्या आश्वासनाची चर्चा निघाली, तर त्याचा खर्च किती आणि तो कोण भरणार, एवढे दोन प्रश्न मुलांसमोर जरूर विचारावेत. आणि ऐकलेला आकडा पुढे सांगण्याआधी एकदा तपासून घ्यावा.