अध्यापक गोखले

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव निघाले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे मुत्सद्दी गोखले उभे राहतात. वरिष्ठ कायदेमंडळातील त्यांची अंदाजपत्रकावरील भाषणे, भारत सेवक समाजाची स्थापना, महात्माजींनी त्यांस दिलेले राजकीय गुरूचे स्थान, या गोष्टी आमच्या वाचकांस ठाऊक आहेत. परंतु वयाच्या अठराव्या वर्षापासून छत्तिसाव्या वर्षापर्यंत हे गृहस्थ शाळेत आणि कॉलेजात शिकवीत होते, याचे स्मरण आपणांस क्वचितच होते. शिक्षकाने कसे वागावे, काय घ्यावे व काय घेऊ नये, यासंबंधीचे नियम आज कायद्याने बांधून दिलेले आहेत. हे नियम कोणी न सांगता ज्यांनी स्वतःवर घालून घेतले, त्या पिढीतील एका शिक्षकाचे चरित्र ह्या दृष्टीने पाहावे, असे आम्हांस वाटते.

गोखले यांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव हे कोल्हापूरच्या मुलखात कागल येथे नोकरीस होते. घरची स्थिती बेताची. 1879 साली वडील वारले, तेव्हा गोपाळरावांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते. वडील बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडले आणि महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्या पंधरांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणाकरिता कोल्हापुरास पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत घरच्या सर्व माणसांचा गुजारा चाले. दिव्याचे तेल वाचावे म्हणून रस्त्यावरील कंदिलाखाली बसून गोपाळराव अभ्यास करीत, असे सांगतात. दुसऱ्याने पोटाला चिमटा घेऊन दिलेल्या पैशावर आपण शिकलो, ही जाणीव त्यांच्या मनातून पुढे कधीच गेली नाही.

त्यांच्या विद्यार्थिदशेतील एक गोष्ट घरोघर सांगण्यात येते. गुरुजींनी घातलेले एक अवघड गणित वर्गात एकट्या गोपाळाचेच बरोबर आले. गुरुजींनी त्याची वाखाणणी करून त्यास पहिल्या जागेवर बसविले. तोच तो मुलगा रडू लागला. विचारता त्याने सांगितले, की हे गणित आपण दुसऱ्याच्या साह्याने सोडविले आहे, ही जागा आपली नव्हे. ही गोष्ट अक्षरशः अशीच घडली असेल वा नसेल. परंतु ज्याच्या पुढील आयुष्यात अशाच प्रकारचा, पण शतपटीने कठीण प्रसंग आला, त्याच्याविषयी ती सांगितली जावी यात आश्चर्य नाही.

1884 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गोखले बी. ए. झाले. त्या काळी बी. ए. झालेल्या तरुणास सरकारी नोकरी मिळणे कठीण नव्हते, आणि वकिलीचा मार्गही मोकळा होता. थोरल्या भावाच्या खांद्यावरील भार उतरविण्याचा तोच सरळ उपाय होता. गोखले यांनी कायद्याचा अभ्यास सुरूही केला होता. परंतु त्याच सुमारास पुण्यात एक निराळेच वारे वाहत होते.

1880 च्या प्रारंभी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. गोपाळ गणेश आगरकर त्यांस लवकरच येऊन मिळाले. 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि 2 जानेवारी 1885 रोजी फर्ग्युसन कॉलेज उघडले. सोसायटीच्या आजीव सभासदांनी निदान वीस वर्षे संस्थेत शिकवावयाचे, आणि महिना पंच्याहत्तर रुपयांच्या आसपास जे मिळेल त्यात समाधान मानावयाचे, असा निर्बंध होता. तो सरकारने घातला नव्हता. शिकविणाऱ्यांनी तो आपण होऊन पत्करला होता. शिक्षणाचे काम हे पोटभरू धंद्याहून निराळे आहे, ही गोष्ट त्यांस बोलून नव्हे तर वागून दाखवावयाची होती.

गोखले 1885 च्या आरंभी पस्तीस रुपये पगारावर न्यू इंग्लिश स्कूलमध्ये रुजू झाले व दुसऱ्याच वर्षी आजीव सभासद झाले. घरच्यांस हे सुखासुखी रुचले नसेल, हे सांगावयास नको. एका बाजूस भावाचे ऋण आणि दुसऱ्या बाजूस वीस वर्षांचे वचन, अशा पेचात एकोणीस-वीस वर्षांच्या तरुणाने ही निवड केली.

शिक्षक म्हणून त्यांचा विशेष हा, की संस्थेस ज्या विषयाची निकड असेल तो विषय ते घेत. प्रथम इंग्रजी शिकविले. मग गणिताची जागा मोकळी झाली, तेव्हा गणित घेतले. पुढे इतिहास व अर्थशास्त्र हे विषय शिकविले. आज ज्यास आपण आवडीचा विषय म्हणतो, त्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. मात्र जो विषय हाती आला तो कसून तयार केल्यावाचून वर्गात पाऊल टाकले नाही. त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पुस्तक देशभर चालले. त्याचे उत्पन्न त्यांस पुढे मिळत असे, हेही येथे नमूद केले पाहिजे; कारण ह्याच प्रकारच्या प्रश्नावरून सोसायटीत मोठा वाद उभा राहिला.

वाद असा होता. आजीव सभासदाने शाळेबाहेरच्या वेळात दुसरे काम करावे काय? त्यापासून मिळणारा पैसा कोणाचा? टिळकांचे म्हणणे कडक होते. जेझुइट पंथाचे पाद्री जसे आपले सर्वस्व पंथास वाहतात, तसेच सभासदांनी सर्व वेळ व सर्व शक्ती संस्थेस दिली पाहिजे आणि बाहेरची मिळकतही संस्थेच्या पेटीत टाकली पाहिजे, असे ते मानीत. आगरकर व बहुतेक इतर सभासद यांस हे मान्य नव्हते. शिकविण्याचे काम चोख झाल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा, आणि संसार वाढला म्हणजे गरजाही वाढतात, असे त्यांचे मत होते. 1890 साली गोखले यांनी सार्वजनिक सभेच्या चिटणीसाचे काम पत्करले, तेव्हा ठिणगी पडली. एवढे मोठे काम अंगावर घेणारा मनुष्य शाळेस पुरेसा वेळ देणार कसा, असा टिळकांचा आक्षेप होता. जुने मतभेद होतेच. त्याच वर्षाच्या अखेरीस टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला.

कोण बरोबर आणि कोण चूक, याचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. दोन्ही बाजूंस शुद्ध हेतूची माणसे होती. टिळकांचा आक्षेप पोकळ नव्हता. शिक्षकाचे लक्ष दहा ठिकाणी वाटले गेले की नुकसान विद्यार्थ्याचे होते. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही निराधार नव्हते. शिक्षक हाही संसारी मनुष्य आहे आणि समाजाचे त्याच्यावर इतरही ऋण असते. मात्र गोखले यांनी त्या आक्षेपास शब्दांनी दिलेल्या उत्तरापेक्षा कामाने दिलेले उत्तर अधिक मोलाचे आहे. टिळक गेल्यावर गणिताच्या वर्गांची जबाबदारी त्यांनी उचलली. सोसायटीचे चिटणीस झाले. कॉलेजास स्वतःची इमारत व्हावी म्हणून सुट्ट्यांत गावोगाव हिंडून वर्गणी गोळा केली. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली सार्वजनिक प्रश्नांचा अभ्यास, त्रैमासिकाचे संपादन आणि सभेचे काम चालू असताही वर्गाची हेळसांड होऊ दिली नाही. दिवसाचे तास वाढविता येत नाहीत. म्हणून त्यांनी आपली विश्रांती कमी केली, आणि त्याची किंमत पुढे प्रकृतीने वसूल केली.

1897 साल त्यांच्या कसोटीचे ठरले. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास ते विलायतेस गेले असता पुण्यात प्लेगचा कहर चालला होता. घरझडतीच्या कामावरील गोऱ्या शिपायांनी स्त्रियांची विटंबना केल्याची पत्रे पुण्याहून त्यांच्याकडे आली. पत्रे विश्वासातील माणसांची होती. गोखले यांनी ते आरोप तेथे जाहीर केले. मोठी खळबळ उडाली, आणि सरकारने पुरावा मागितला. 22 जून रोजी पुण्यास रँडवर गोळी झाडण्यात आल्याने वातावरण आधीच तापलेले होते. गोखले परत आले तेव्हा पत्रे लिहिणारांपैकी कोणी पुढे येऊन पुरावा देण्यास तयार होईना. त्यांची नावे सांगून सुटका करून घेणे गोखले यांस शक्य होते. ते त्यांनी केले नाही. आपण सिद्ध करू शकत नाही ते आपण बोललो, याची संपूर्ण जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेऊन त्यांनी जाहीर माफी मागितली.

त्याबद्दल त्यांच्यावर चहूकडून टीका झाली. भित्रे म्हणून त्यांची हेटाळणी झाली, आणि त्या वर्षीच्या अमरावतीच्या काँग्रेसमध्ये लोकांचा रोष त्यांस सोसावा लागला. माफी इतक्या सपशेल शब्दांत मागावयास नको होती, असे म्हणणारे तेव्हा होते व आजही आहेत. तो वाद राजकारणाचा आहे. परंतु शिक्षकाच्या दृष्टीने पाहता, फळ्यावर लिहिलेले चुकीचे ठरले तर सर्व वर्गासमक्ष ते पुसण्याचे धैर्य त्याच्या अंगी असावे लागते. गोखले यांनी सर्व देशासमक्ष फळा पुसला. त्यानंतर कोपऱ्यात रुसून न बसता ते पुण्यातील प्लेगनिवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून राबले.

प्रतिज्ञेचा काल पुरा होत आला तेव्हा, 1902 मध्ये, त्यांनी फर्ग्युसन कॉलेजाचा निरोप घेतला. महिना तीस रुपयांचे निवृत्तिवेतन त्यांस मिळाले. त्या वेळी ते वरिष्ठ कायदेमंडळाचे सभासद झालेले होते. 12 जून 1905 रोजी त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला. त्याच्या सभासदांस सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. देशाचा विचार प्रथम करावा, स्वतःचा लाभ पाहू नये, संस्था चरितार्थास जे देईल त्यात संतुष्ट राहावे, पैसा मिळविण्यात शक्ती खर्चू नये, खाजगी आचरण शुद्ध ठेवावे, कोणाशी वैयक्तिक भांडण करू नये, हा त्यांचा आशय. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतील शिक्षकांची शिस्तच येथे देशकार्यास लावलेली दिसते.

कायदेमंडळातही त्यांच्यातील शिक्षक जागा होता. 1911 साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांस शाळेत धाडणे आईबापांवर बंधनकारक करण्याची मुभा स्थानिक संस्थांस असावी, आणि महिना दहा रुपयांहून अधिक प्राप्ती नसलेल्या पालकांकडून फी घेऊ नये, एवढीच त्यांची मागणी होती. ही गोष्ट हिंदुस्थानात साधण्याजोगी आहे, याचा दाखला त्यांस बडोद्यात मिळाला होता. सयाजीराव गायकवाड महाराजांनी 1893 साली अमरेली भागात असा प्रयोग आरंभिला आणि 1906 साली तो सर्व संस्थानास लागू केला होता. तरीही मार्च 1912 मध्ये गोखले यांचे विधेयक 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. 19 फेब्रुवारी 1915 रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुण्यास त्यांचे निधन झाले. ज्या टिळकांशी त्यांचे आयुष्यभर पटले नाही, त्यांनीच स्मशानात त्यांच्या गुणांचा गौरव केला.

त्यांनी मागितलेला कायदा देशास 2009 साली मिळाला व 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्या कायद्यात मुलांच्या हक्कांबरोबर शिक्षकांची कर्तव्येही सांगितली आहेत: वेळेवर व नियमित यावे, अभ्यासक्रम पुरा करावा, पालकांस भेटून मुलाच्या प्रगतीची माहिती द्यावी, आणि खाजगी शिकवणी करू नये. 1890 साली पुण्यातील मूठभर शिक्षक ज्या प्रश्नावरून एकमेकांपासून दुरावले, तो शिक्षकाच्या बाहेरच्या मिळकतीचा प्रश्न एकशे वीस वर्षांनी असा कायद्याच्या कलमात आला.

आमच्या वाचकांत शिक्षक आहेत, आणि ज्यांची मुले शाळेत जातात असे पालक तर घरोघर आहेत. कायदा शिक्षकास शिकवणी घेण्यापासून रोखू शकेल. परंतु आदल्या रात्री पाठ तयार करून वर्गात जाण्यास त्यास भाग पाडू शकत नाही. चूक झाली असता ती मुलांपुढे कबूल करावयास लावणेही त्याच्या हाती नाही. तेवढा भाग शिक्षकाच्या मनावरच सोपविलेला असतो. आणि पालकांचाही त्यात वाटा आहे. आठ रुपये पाठवून सात रुपयांत संसार करणारे गोविंदराव त्या घरात नसते, तर गोपाळराव शिक्षक झालेच नसते. येत्या 19 फेब्रुवारीस गोखले यांचे स्मरण करताना त्या थोरल्या भावाचेही स्मरण व्हावे, एवढीच आमची विनंती आहे.