जोडेघाटचा कोमरम भीम

आसिफाबादजवळील संकेपल्ली या गोंड खेड्यात १९०१ साली कोमरम भीमाचा जन्म झाला. निजामी राजवटीत एकामागून एक जंगले राखीव ठरत होती; पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन एका हुकमासरशी सरकारजमा होई आणि गुरांच्या चराईवरही कर बसे. जमिनीच्या एका तंट्यात भीमाच्या हातून सिद्दिकी नावाच्या जमीनदाराचा वध झाला व त्यास परागंदा व्हावे लागले. चांद्यास एका छापखान्यात राहून तो अक्षरे शिकला आणि पुढे आसामच्या चहामळ्यांत त्याने मजुरी केली, असे सांगतात.

परतल्यावर त्याने बाबेझरी-जोडेघाट परिसरातील बारा गावांच्या जमिनीचा प्रश्न हाती घेतला. जंगलखात्याने झोपड्या जाळल्या, तरी त्याने आधी अर्जविनंत्यांचाच मार्ग धरला, थेट हैदराबादेपर्यंत. बंडखोर म्हणून त्याचे चित्र रंगविणारे हे सहसा विसरतात. दाद लागली नाही, तेव्हा शस्त्र उचलले गेले. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरावर पोलिसांच्या गोळीबारात तो साथीदारांसह पडला.

त्या वर्षाने निजाम सरकारला जाग आली. गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्यास मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांस धाडण्यात आले. त्यांच्या शिफारशींवरून अनेक गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले, १९४३ मध्ये मारलवाई येथे शिक्षक-प्रशिक्षण केंद्र निघाले. तेथील गोंडी वाचनपाठ छापले गेले ते देवनागरीत. भीमाची पुण्यतिथी गोंड समाज आजही आश्विन पौर्णिमेस जोडेघाटी पाळतो.